कौलांखालचं हाड

कासवाला उलटं केलं की ते आधी मान आत ओढून घेतं आणि मग थोड्या वेळानं चारही पाय हवेत मारू लागतं. पोटाकडचं कवच अशा वेळी नीट पाहता येतं. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यातल्या तळ्यांवर काम करणारे वन्यजीव अभ्यासक पकडलेलं कासव असंच उलटं करून बघतात. ते शोधत असतात एक डाग. पांढरट, कडेला पोपडे धरलेला, कधी शर्टाच्या गुंडीएवढा तर कधी त्याहूनही लहान. नखानं खरवडला तर भुगा निघेल असा. बाकी कासवात काही खोट दिसत नाही. ते खातं, पोहतं, ओंडक्यावर चढून ऊन खातं.

मग त्या कासवाचं सीटी स्कॅन होतं. पडद्यावर दिसतं की गुंडीएवढ्या डागाखाली हाड पोखरलं गेलं आहे. पोकळीत मेलेल्या हाडाचे कपचे पडलेले आहेत. आजार फार पुढे गेला असेल तर पोकळी हाडाच्या आरपार जाऊन पोटातल्या अवयवांपर्यंत पोचलेली असते. बाहेरून एवढासा डाग आणि आत खिंडार. गोड्या पाण्यातल्या कासवांच्या कवचाचा हा रोग समजून घ्यायचा, तर आधी कवच म्हणजे नेमकं काय हे समजून घ्यावं लागतं. आपली पहिली गफलत तिथेच होते.

कासव आपलं घर पाठीवर घेऊन फिरतं, असं आपण मुलांना सांगतो. ऐकायला गोड आहे, पण खरं नाही. घरातून बाहेर पडता येतं. समुद्रकिनाऱ्यावर रिकाम्या शंखात राहणारा खेकडा वाढला की जुना शंख टाकतो आणि मोठा शोधतो, त्याच्या बाबतीत घर हा शब्द शोभतो. कासवाला कवचातून बाहेर येता येत नाही, कारण कवच हा त्याचा सांगाडाच आहे. पाठीच्या कण्याचे मणके आणि बरगड्या रुंद होऊन एकमेकींना जुळल्या, त्यांची वरची ढाल झाली. खालची बाजू गळपट्टीच्या आणि पोटाकडच्या हाडांपासून घडली. सगळी मिळून पन्नासच्या आसपास हाडं. आपल्या खांद्याचं पातं बरगड्यांच्या बाहेर, पाठीवर असतं. कासवाचं ते बरगड्यांच्या आत असतं. आजच्या पृथ्वीवर पाठीचा कणा असलेल्या दुसऱ्या कुठल्याच प्राण्याच्या शरीराची अशी मांडणी नाही.

ही मांडणी एका रात्रीत झाली नाही. चीनमधल्या ग्वेइझोऊ प्रांतात सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वीच्या एका कासवाचे अवशेष सापडले आणि 2008 साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्याचं पोटाकडचं कवच पूर्ण होतं, पाठीवरचं मात्र अर्धवट. म्हणजे खालची ढाल आधी आली. त्याहूनही जुन्या, दक्षिण आफ्रिकेतल्या एका नातेवाइकाच्या बरगड्या नुसत्याच रुंद झालेल्या आहेत. त्या संरक्षणासाठी नसून माती उकरताना अंगाला आधार मिळावा म्हणून रुंदावल्या असाव्यात, असं त्याच्या अभ्यासकांनी 2016 मध्ये मांडलं.

या हाडांवर आपल्या नखांच्या जातीच्या, केराटिन नावाच्या पदार्थाचं आवरण असतं. ते सलग नसतं, त्याचे खवले असतात. बहुतेक कासवांच्या पाठीवर 38 आणि पोटावर 12. कोकणातलं कौलारू घर डोळ्यांपुढे आणा. हाडं म्हणजे वासे आणि भिंती, खवले म्हणजे कौलं. यात एक खुबी आहे. खवल्यांच्या सांध्या आणि खालच्या हाडांच्या सांध्या एकावर एक येत नाहीत. विटा रचताना गवंडी वरच्या थराची सांध खालच्या थराच्या सांधेवर येऊ देत नाही, त्यातलाच हा प्रकार. त्यामुळे वरच्या खवल्याला चीर गेली तरी ती सरळ खालच्या हाडात उतरत नाही.

कौलं आणि हाडं यांच्यामध्ये जिवंत कातडीचा पातळ थर असतो. त्यात रक्तवाहिन्या आहेत आणि मज्जातंतूही. कासवाच्या पाठीवर काडी फिरवली तर त्याला ते कळतं. कवचाला भोक पाडून त्यात दोरी ओवणाऱ्याला वाटतं की आपण नख टोचतो आहोत. प्रत्यक्षात तो जिवंत हाडाला भोक पाडत असतो.

कवचाचं एक काम तर फार थोड्यांना माहीत असतं. उत्तर अमेरिकेतलं पेंटेड टर्टल हे कासव हिवाळ्यात बर्फाखालच्या तळ्यात बसून राहतं. पाण्याचं तापमान तीन अंशांच्या आसपास, श्वास घेण्याची सोय नाही. तरी ते प्राणवायूवाचून तीन महिन्यांहून अधिक काळ तग धरू शकतं. प्राणवायूशिवाय शरीर चालवलं की लॅक्टिक आम्ल साचतं. जिना धावत चढल्यावर आपल्या पोटऱ्या भरून येतात तेव्हाही ते तयार झालेलं असतं. कासवात ते इतकं साचतं की दुसरा कुणीही प्राणी मरून जाईल. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातले डोनाल्ड जॅक्सन यांनी दाखवून दिलं की या काळात कवच रक्तात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे कार्बोनेट सोडतं, आम्लाची धार बोथट करतं आणि आम्लाचा मोठा वाटा स्वतःच्या हाडांत साठवून घेतं. ढाल म्हणून आपण जिच्याकडे पाहतो ती रसायनांची पेढी आहे. हाड पोखरणारा रोग झाला की काय काय बिघडू शकतं, याचा अंदाज इथून बांधता येतो.

आता वॉशिंग्टनकडे परत जाऊ. तिथलं कासव म्हणजे वेस्टर्न पॉण्ड टर्टल. पाठ तपकिरी-काळसर, त्यावर बारीक ठिपक्या-रेघांची नक्षी, लांबी साधारण वीतभर. अमेरिकेच्या पश्चिम किनारपट्टीचं हे मूळ रहिवासी. एकेकाळी इतकं मुबलक होतं की सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारात सूपसाठी विकलं जाई. एकोणिसाव्या शतकापासून ही विक्री चालली. पुढे दलदली बुजवल्या गेल्या, शेतं आणि शहरं वाढली, आणि देशाच्या पूर्व भागातून बुलफ्रॉग नावाचा धिप्पाड बेडूक पश्चिमेकडे आणून सोडला गेला. या कासवाचं नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू मोठ्या नाण्याएवढं असतं. बुलफ्रॉगच्या तोंडात ते सहज मावतं.

वॉशिंग्टन हे या कासवाच्या वावराचं उत्तरेकडचं टोक. उन्हाळा तोकडा, पाणी गार. 1990 च्या सुमाराला त्या राज्यात जेमतेम दीडशे कासवं उरली होती, तीही कोलंबिया नदीच्या घळीतल्या दोन ठिकाणी. त्याच सुमाराला त्यांच्यात श्वसनाच्या रोगाची साथ आली. 1991 मध्ये सिएटलच्या वुडलँड पार्क प्राणिसंग्रहालयानं राज्याच्या वन्यजीव खात्याबरोबर एक काम हाती घेतलं. पुढे ओरेगन प्राणिसंग्रहालयही त्यात सामील झालं.

आपल्या संतवाङ्मयात कासवीची नजर पुन्हा पुन्हा येते. कासवी दुरून नुसत्या नजरेनं पिल्लांना वाढवते, अशी ती कल्पना. खरी कासवी अंडी घालते, मागच्या पायांनी माती सारखी करते आणि निघून जाते. ती पिल्लांकडे बघत नाही. वॉशिंग्टनमध्ये ही नजर माणसांनी धरली. माद्यांच्या पाठीवर छोटे रेडिओ ट्रान्समीटर चिकटवले जातात आणि अंडी घालण्याच्या हंगामात दर दोन तासांनी प्रत्येक मादी कुठे आहे ते पाहिलं जातं. पॉण्ड टर्टल मादी पाण्यातून निघून गवताळ माळावर घरटं खणायला जाते, आणि एकदा का तिनं माती सारखी केली की अनुभवी डोळ्यालाही ती जागा सापडत नाही. घरटं दिसलं की त्यावर तारेची जाळी बसवतात. पुढे पिल्लं प्राणिसंग्रहालयात नेतात, हिवाळाभर उबेत ठेवून खाऊ घालतात. रानातलं पिल्लू या काळात थंडीनं निपचित पडलेलं असतं; इथलं खात आणि वाढत असतं. दहाएक महिन्यांत ते रानातल्या तीन वर्षांच्या कासवाएवढं होतं. मग बुलफ्रॉगच्या घशात न मावणारं हे कासव तळ्यात सोडतात.

ही युक्ती लागू पडली. अडीच दशकांत दीडशेची आठशे ते हजार कासवं झाली, दोन ठिकाणांची सहा झाली. वन्यजीव रक्षणाच्या कामात असं यश क्वचित मिळतं. आणि अशा वेळी ते पांढरे डाग दिसू लागले.

सुरुवातीला त्याकडे जखमा म्हणून पाहिलं गेलं असेल तर नवल नाही. कासवाच्या कवचावर नाना खुणा असतात आणि त्यातल्या बऱ्याच निरुपद्रवी असतात. हिरवं शेवाळ बहुधा नुसतंच वाढलेलं असतं. जुने खवले पापुद्र्यासारखे सुटून खालून नवे, तुकतुकीत खवले येतात. ही वाढीची रीत आहे, रोग नाही. रॅकूनच्या दातांचे ओरखडे असतात, वाहनाखाली आलेल्या कवचाची वेडीवाकडी जुळलेली भेग असते. कासव हाडाची भेग वर्षानुवर्षं घेऊन जगतं. पण हे डाग भरून येत नव्हते. 2010 नंतरच्या दशकात केलेल्या पाहणीत रानातल्या 29 ते 49 टक्के कासवांना ही बाधा असल्याचं दिसलं. म्हणजे जवळपास तीनात एक ते दोनात एक. काहींचे पाय लुळे पडले, काही मेली.

कवच सडण्याचा आजार तसा नवा नाही. कासव पाळणाऱ्यांना तो फार पूर्वीपासून माहीत आहे. 1957 मध्ये सिट्रोबॅक्टर नावाच्या जिवाणूशी जोडलेला एक प्रकार वर्णिला गेला. त्यात कवचावर आणि कातडीवर व्रण होतात आणि रक्तात विष भिनून कासव मरतं. घाण पाणी, गारठा, खरचटलेलं कवच अशी त्याची पार्श्वभूमी असे. त्यामुळे कवचरोग म्हणजे टाकीतल्या कासवाचा, थोडक्यात मालकाच्या हयगयीचा रोग, अशी समजूत रुजली. पुढे जॉर्जिया राज्यातल्या लेक ब्लॅकशिअर या जलाशयात रानातल्याच कासवांमध्ये कवचाचे व्रण मोठ्या प्रमाणावर आढळले. एका जातीत तर पकडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक कासवं बाधित होती. 1996 आणि 1997 मध्ये त्यावर निबंध आले. हाड मेलेलं दिसत होतं, पण मारणारा हाती लागत नव्हता. व्रणात जिवाणू होते, बुरशी होती. पण तळ्याच्या पाण्यात सतत बुडालेल्या जखमेत काय नसतं? पडक्या घरात उंदीर सापडला म्हणून घर उंदरानं पाडलं असं म्हणता येत नाही.

या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धागा इलिनॉय विद्यापीठातल्या प्राणिरोगतज्ज्ञांच्या हाती लागला. डॅनियल वुडबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये एका नव्या बुरशीचं वर्णन प्रसिद्ध केलं. जात तर नवीन होतीच, तिची प्रजातीही नव्यानं स्थापावी लागली. नाव ठेवलं एमिडोमायसीस टेस्टाव्होरन्स. पहिल्या शब्दात ग्रीकमधलं कासव आणि बुरशी, दुसऱ्यात लॅटिनमधलं कवच आणि खाणं. कासवांची कवचखाऊ बुरशी. शास्त्रीय नावं पुष्कळदा रुक्ष असतात. हे नाव वाचून अंगावर काटा येतो.

ही बुरशी ज्या गोत्रातली आहे, त्याच गोत्रात आपल्याला गजकर्ण करणाऱ्या बुरशा येतात. केस, नखं, शिंगं, खूर, पिसं असं केराटिनचं अन्न पचवण्याची हातोटी या गोत्राकडे आहे. माणसाच्या त्वचेवर त्या वरच्या मेलेल्या थरात राहतात, खाज आणतात, मलमानं जातात. त्यांचीच एक चुलत बहीण सापांच्या जिवावर उठली आहे: इलिनॉयमधल्या मासासॉगा या विषारी सापांच्या तोंडावर 2008 मध्ये गाठी दिसल्या आणि सापांमधल्या बुरशीरोगाचा बोलबाला झाला. म्हणून कासवाच्या रोगामागेही हेच गोत्र निघालं तेव्हा जाणकारांना धक्का बसला नसेल. इतकी वर्षं ती लपून का राहिली, याचं कारण साधं आहे. ती सावकाश वाढते. व्रणाचा तुकडा प्रयोगशाळेत वाढवायला ठेवला की तळ्यातल्या दांडग्या बुरशा आणि जिवाणू दोन दिवसांत ताटली भरून टाकतात, आणि ही बिचारी रांगेत शेवटी. शेवटी तिच्या डीएनएचा माग काढणारी चाचणी तयार केली, तेव्हा कुठे ती ओळखता येऊ लागली.

सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत हृदयद्रावक वाटतं. बुरशी कौलांतून खाली उतरते. खालचं हाड मरू लागतं. शरीर गप्प बसत नाही. व्रणाच्या कडेची जिवंत त्वचा आत वाढू लागते, मेलेल्या भागाला वेढा घालते, त्याला उरलेल्या शरीरापासून तोडून टाकू पाहते. आपल्या बोटात काटा मोडला की भोवती गाठ धरते, तसाच हा प्रयत्न. पण त्वचेचं कामच केराटिन तयार करणं. त्यामुळे हाडाच्या आत शिरलेली ती त्वचा आतल्या आत केराटिन तयार करत राहते. पिशव्या होतात. त्या पिशव्यांत केराटिनचा भुसा, मेलेल्या हाडाचे कपचे आणि बुरशीचे धागे. बुरशी खाते केराटिन. म्हणजे कासवाचं शरीर शत्रूला कोंडायला कोठडी बांधतं आणि त्याच कोठडीत त्याचं धान्य भरतं. वरची कौलं जागच्या जागी असतात, म्हणून बाहेरून फक्त एक डाग दिसतो.

कवचखाऊ बुरशी सापडली म्हणून सगळे कवचरोग तिच्या नावावर मांडता येत नाहीत. एकच व्रण जिवाणूंमुळे होऊ शकतो, दुसरा तिच्यामुळे, तिसरा दोघांमुळे. शिवाय बुरशी अंगावर असणं आणि बुरशीनं हाड पोखरणं यांत अंतर आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांची प्रतिकारशक्ती उन्हावर चालते. त्यांचं रक्त स्वतः तापत नाही. ओंडक्यावर मान लांब करून, मागचे पाय पसरून पडलेलं कासव आळशी वाटतं, पण ते त्या वेळी औषध घेत असतं. अंग तापतं तेव्हा अन्न पचतं, जखमा भरतात, कवच वाळतं आणि पाण्यात फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा जोर ओसरतो. वॉशिंग्टनच्या ढगाळ टोकाला हे औषध मुळात कमी मिळतं.

इथे एक अवघड शंका पुढे येते. रोगानं वेढलेल्या कासवांमध्ये माणसानं वाढवलेली कासवं भरपूर होती. साहजिकच, कारण तिथली बहुतेक कासवं प्राणिसंग्रहालयातून आलेली. दहा महिने उबेत, गर्दीत, भरपूर खाऊन झपाट्यानं वाढलेलं कवच आणि थंडी-उपासमार सोसून इंचाइंचानं वाढलेलं कवच सारखंच घट्ट असतं का? या प्रकल्पात काम करणाऱ्यांनी ही शंका स्वतःच मांडली, लपवली नाही. याबद्दल त्यांचा आदर वाटतो. ज्या हातांनी एक जात वॉशिंग्टनमधून नामशेष होण्यापासून वाचवली, त्याच हातांकडे संशयानं बघायला धैर्य लागतं. माझं मत विचाराल तर 1991 मध्ये दुसरा मार्ग नव्हता. दीडशे कासवं, त्यांत साथ, आणि पिल्लं गिळणारे बेडूक. वाट पाहणं म्हणजे शेवट पाहणं होतं.

उपचार शक्य आहेत, पण ते पाहिले की रोग होऊ न देणं किती स्वस्त हे कळतं. बाधित कासवाला पकडून आणतात, सीटी स्कॅन करतात, भूल देतात. दातांच्या डॉक्टरांकडे असतं तशा बारीक ड्रिलनं मेलेलं हाड कणाकणानं खरवडून काढतात, जिवंत, रक्ताळलेलं हाड लागेपर्यंत. मग बुरशीनाशक औषधं, गरज पडल्यास प्रतिजैविकं, वेदनाशामकं. खड्डा भरेपर्यंत कासवाला उबेत आणि दिवसाचा बराच वेळ कोरडं ठेवावं लागतं. पाण्यातल्या प्राण्याला कोरडं ठेवणं ही पथ्याची पराकाष्ठा. हाड सावकाश भरतं, महिने जातात. बरं झालेलं कासव पुन्हा त्याच तळ्यात सोडतात, आणि तळ्यात बुरशी असतेच. एकेका कासवामागे पशुवैद्य, भूलतज्ज्ञ, यंत्रं आणि स्वयंसेवक.

एवढा खटाटोप एकेका कासवासाठी का, असं वाटू शकतं. त्याचं उत्तर कासवांच्या हिशेबात आहे. मिशिगनमधल्या एका राखीव रानात ब्लँडिंग्ज टर्टल या कासवाचा अभ्यास 1953 मध्ये सुरू झाला. तिथली मादी अंडी घालायला लागते तेव्हा तिचं वय 14 ते 20 वर्षं असतं. जस्टिन काँगडन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये त्या नोंदींवरून गणित मांडलं. अंडी आणि पिल्लं मोठ्या संख्येनं मरतात, ते कासवांच्या जमेत धरलेलंच आहे. पण मोठी कासवं मरण्याचं प्रमाण थोडं जरी वाढलं, तरी सगळी संख्या घसरू लागते, आणि ती भरून यायला पिढ्या लागतात. नारळाच्या बागेतली रोपं गेली तर पुन्हा लावता येतात. भरात आलेलं झाड पडलं की वर्षांचं उत्पन्न पडतं. पॉण्ड टर्टलही दहा वर्षांच्या आसपास वयात येतं आणि पन्नास वर्षं जगू शकतं. कवचरोग लागतो मोठ्या कासवाला. पिल्लं वाचवण्याची युक्ती कितीही चांगली असली तरी एक वयात आलेली मादी गेल्यावर तिची जागा दहा महिन्यांत भरत नाही.

उन्हाच्या औषधाला माणूस कसा आड येतो हे पाहायला आता कॅलिफोर्नियात जाऊ. डेव्हिसमधल्या विद्यापीठाच्या उद्यानातून वाहणाऱ्या पाण्यात हीच पॉण्ड टर्टल कासवं राहत. पण त्यांच्याहून कितीतरी जास्त होती रेड-इअर्ड स्लायडर, कानामागे लाल पट्टा असलेली, दुकानातून आणून कंटाळल्यावर सोडून दिलेली. संशोधकांनी 177 स्लायडर तिथून काढून नेली. मागे राहिलेल्या स्थानिक कासवांचं वजन वाढलं. 2019 मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. ऊन खायच्या ओंडक्यावर दांडगी परदेशी कासवं बसली की स्थानिकांना जागा उरत नाही. उन्हाचं औषध कमी मिळालं की पुढचं सगळं आपण वर पाहिलंच. शिवाय सोडलेला प्राणी एकटा येत नाही. त्याच्या टाकीतलं पाणी, त्या पाण्यातले जंतू, बुरशा बरोबर येतात. बेडकांच्या त्वचेवरच्या, 1999 मध्ये नाव मिळालेल्या बुरशीनं जगभर बेडकांच्या जाती संपवल्या, आणि ती खंडाखंडांत पसरली त्यात प्राण्यांच्या व्यापाराचा मोठा हात होता.

लाल कानाची ही कासवं मुंबई-पुण्याच्या मत्स्यालयांच्या दुकानांत काचेच्या पेटीत रुपयाच्या नाण्याएवढी असताना विकली जातात. मुलाच्या हट्टाखातर घेतलेलं ते हिरवं नाणं काही वर्षांत ताटलीएवढं होतं, घाण करतं, आणि मग एखाद्या संध्याकाळी तलावात किंवा देवळाच्या कुंडात सोडलं जातं. सोडणाऱ्याला वाटतं आपण त्याला मोकळं केलं. घरात असतानाच त्यांतल्या अनेकांचं कवच मऊ किंवा सडलेलं असतं. दोन्ही वेगळे आजार आहेत, गल्लत होते म्हणून सांगतो. ऊन आणि चुना न मिळाल्यानं कवच लवचीक होणं हा हाडांच्या पोषणाचा आजार. खवल्याखाली वास येणारा, ओला, कुजका भाग होणं म्हणजे कवचरोग. पहिल्यामुळे दुसरा सोपा होतो. दोन्हींवर घरी हळद लावून भागत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा लागतो.

आपली स्वतःची कासवं वेगळी. काळं कासव डबक्यांत, ओढ्यांत, तळ्यांत असतं. पाठीवर कातडं असलेलं, पाय दुमडले की झडपांनी झाकून घेणारं कासव भातखाचरातही दिसतं. गोदावरी-कृष्णेच्या खोऱ्यात लीथचं मऊ पाठीचं कासव आहे. मऊ पाठीच्या कासवांना कौलं नसतात, हाडावर थेट कातडीच असते. अमेरिकेतली हकीकत त्यांना जशीच्या तशी लावता येणार नाही. पण गावोगावी एक रिवाज आहे तो या प्रकरणात सांगायलाच हवा. विहिरीचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून तिच्यात कासव सोडतात. हेतू चांगला, भक्तीही खरी. पण बांधीव विहिरीच्या भिंती उभ्या असतात. कासवाला वर येऊन ऊन खायला ना काठ, ना दगड, ना ओंडका. दिवसरात्र, वर्षानुवर्षं ओलं राहायचं. उन्हावर ज्याची प्रतिकारशक्ती चालते त्या जिवाला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी कासवं पकडणं, पाळणं गुन्हा आहे. विहिरीत कासव दिसलं तर वन विभागाला कळवावं. तोवर निदान एक लाकडी फळी दोरानं बांधून पाण्यावर तरंगत सोडावी. कासव पहिल्याच उन्हाला तिच्यावर चढतं.

देवळात शिरताना सभामंडपात दगडी कासव असतं. येणारा-जाणारा त्याच्यापुढे वाकतो, हात लावतो, आणि हातांनी ते झिजून गुळगुळीत होतं. दगडाला झीज चालते. कोलंबिया नदीच्या घळीत कासवांची ओळखही कवचावरच लिहिलेली असते: कडेच्या खवल्यांना कानशीनं बारीक खाचा पाडतात, कुठल्या खवल्याला खाच आहे यावरून त्याचा क्रमांक कळतो. पकडलेल्या कासवाच्या खाचा वाचल्या जातात आणि वहीत जुनी नोंद शोधली जाते. कुठल्या वर्षी सोडलेलं, तेव्हा वजन किती, मागच्या वेळी डाग होता का. एखाद्याच्या नावापुढे शस्त्रक्रियेची तारीख असते. मग त्याला उलटं करतात, आणि भरून आलेल्या हाडाच्या कडेवरून अंगठा फिरवून बघतात, कुठे भुगा लागतो का ते.